वाईन गेली, पिंप राहिलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नळाला पाणी येण्याआधीच्या वसईत घरोघरी दाराशी एक पिंप असायचं. आजही टँकरवर दिवस काढणाऱ्या चाळींत ते दिसतं. कधी पत्र्याचं, कधी निळ्या प्लॅस्टिकचं. पाणी साठवायचं, झाकण घालायचं, वर तांब्या ठेवायचा. हा शब्द आपल्या इतक्या अंगवळणी पडला आहे, की तो मूळचा आपला नाही असं कुणाला वाटणारही नाही. पण पाव, चावी, पगार, घमेलं, बटाटा या शब्दांसारखा ‘पिंप’ हाही पोर्तुगिजांकडून आलेला शब्द आहे. त्यांच्या भाषेत ‘पीपा’ म्हणजे वाईन भरायचं लाकडी पीप. एका पिंपात साधारण पाचशे लिटर वाईन मावत असे. आपण शब्द घेतला, भांडं घेतलं आणि त्यात पाणी भरलं. मग त्यातल्या वाईनचं काय झालं?

मी मद्याचा जाणकार नाही. इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि वसईत आयुष्य गेल्यामुळे शेजारपाजारच्या स्वयंपाकघरांतला वास थोडाफार ओळखतो. तेव्हा आज एका सुगंधी पांढऱ्या वाईनची, तिच्या द्राक्षाची आणि वसईच्या ताटाची गोष्ट सांगणार आहे. वाईनच्या गुणगानासाठी नव्हे, तर या गोष्टीत आपल्या वाड्यांचा, माडांचा आणि चवींचा चारशे वर्षांहून जास्त काळाचा हिशेब दडलेला आहे म्हणून.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकून घेतली. म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ वसई पोर्तुगिजांकडे होती. किल्ल्यात त्यांनी चर्च बांधली, मठ बांधले, वाडे बांधले. पोर्तुगीज माणसाला जेवणात वाईन लागे, जहाजावरच्या खलाशाच्या शिध्यात वाईन असे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चर्चमधल्या मिस्साबलिदानासाठी वाईन हवीच हवी. त्याला पर्याय नाही. त्यामुळे लिस्बनहून गोव्याकडे निघणाऱ्या जहाजांत वाईनची पिंपं चढत. सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा ओलांडायचं विषुववृत्त, उन्हाने तापलेलं लाकूड. वाटेत कितीतरी वाईन आंबून शिरका होत असेल, याची कल्पना करता येते. आणि हा शिरका आपल्या गोष्टीत पुढे येणार आहे.

या प्रवासात टिकणारी वाईन म्हणजे दारूचा अर्क घालून बळकट केलेली गोड वाईन. लिस्बनच्या दक्षिणेला सेतुबाल नावाचं बंदर आहे. तिथली मोस्कातेल ही वाईन आजही प्रसिद्ध आहे. मोस्कातेल पांढऱ्या वाईनमध्ये मोडते, पण जुनी झाली की मधासारखा, मग काकवीसारखा रंग धरते. एकोणिसाव्या शतकात तिथले व्यापारी या वाईनची पिंपं ब्राझील, आफ्रिका, भारत अशा दूरच्या बंदरांकडे जाणाऱ्या जहाजांवर विक्रीसाठी देत. जे पिंप विकलं जात नसे ते परत येई. परत आलेलं चाखून पाहावं तर गेलेल्यापेक्षा चव सरस! समुद्राच्या उष्णतेने आणि हिंदकळण्याने ती वाईन मुरत असे. पोर्तुगिजांनी तिला नावच दिलं ‘तोर्ना व्हियाजे’, म्हणजे परतीचा प्रवास केलेली. तोवर वसई त्यांच्या हातून जाऊन शंभर वर्षं होत आली होती. पण पिंपांचा रस्ता तोच होता.

आता मोस्कातेल ज्या द्राक्षापासून होते ते पाहू. इंग्रजीत त्याला मस्कॅट म्हणतात. ओमानच्या मस्कत शहराशी त्याचं नाव जोडण्याचा मोह होतो, पण बहुतेक अभ्यासक ते कस्तुरीच्या ‘मस्क’ या शब्दाशी जोडतात. कारण त्याचा वास. साधं द्राक्ष खाल्लं तर गोड-आंबट लागतं, वास मात्र फारसा येत नाही. मस्कॅट तोंडात घातलं की आधी वास येतो. गुलाबाचा, संत्र्याच्या फुलाचा, मधाचा. वाईन झाल्यावरही द्राक्षाचाच वास टिकून राहतो, अशी जी थोडी द्राक्षं जगात आहेत त्यांत हे सर्वांत जुन्यांपैकी एक.

या कुटुंबातली दुसरी मानकरी म्हणजे गेवुर्झट्रामिनर. नाव जिभेला जड आहे, पण अर्थ सोपा. जर्मन भाषेत ‘गेवुर्झ’ म्हणजे मसाला, आणि ट्रामिन हे आज इटलीत असलेल्या दक्षिण टिरोलमधलं एक गाव. म्हणजे ट्रामिनचं मसालेदार द्राक्ष. त्याची साल गुलाबी असते, तरी रस पांढरा आणि वाईनही पांढरीच. फ्रान्सच्या आल्सास प्रांतात ती उत्तम होते. तिला लिचीचा वास येतो असं चाखणारे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले होते. १९९९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी प्रयोगशाळेत तपासून दाखवलं, की लिचीतली आणि या वाईनमधली कित्येक सुगंधी द्रव्यं खरोखरच एक आहेत. चाखणाऱ्यांचं नाक खोटं बोलत नव्हतं.

आपल्या दृष्टीने यातली गंमत पुढे आहे. मस्कॅटच्या वासात लिनालूल आणि जेरॅनिऑल नावाची द्रव्यं मुख्य असतात. यातलं लिनालूल आपल्या रोजच्या फोडणीत आहे. धण्याच्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग लिनालूलच असतो. जेरॅनिऑल गुलाबात असतं, आणि आपल्या गवती चहाचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती त्याची सख्खी भावंडं. म्हणजे युरोपातल्या माणसाला जे द्राक्ष ‘मसालेदार’ वाटतं, त्याचा वास आपल्या गृहिणीच्या मिसळणाच्या डब्यात आणि परसातल्या गवती चहाच्या ठोंबात आधीपासून आहे.

मग हे द्राक्ष वसईत का रुजलं नाही? पोर्तुगिजांनी काजू आणला, अननस आणला, पपई आणली, पेरू आणला, सगळं फोफावलं. द्राक्षाचा वेल मात्र कोकणाने स्वीकारला नाही. कारण साधं आहे. वसईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर्षभर हवेत ओल. द्राक्षाच्या पानावर ओल राहिली की केवडा पडतो. शिवाय वेलाला हिवाळ्यात झोप लागते, रात्रीचा गारवा लागतो. समुद्राकाठी ना झोप, ना गारवा. मांडवावर वेल चढतो, पानं हिरवीगार होतात, पण घड भरत नाहीत.

घाट चढून वर गेलं की चित्र पालटतं. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. तिथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हे ‘दोनदा’ महत्त्वाचं आहे. युरोपात हिमाने वेल आपोआप झोपी जातो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून शेतकऱ्याला कात्रीने त्याला झोपवावं आणि उठवावं लागतं. नाशिकचा बागायतदार वर्षातून दोन छाटण्या करतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. पहिल्या बहराच्या वेळी पावसाळा येतो म्हणून तो सोडून द्यायचा, आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान कोरड्या हवेत घड उतरवायचे. फ्रान्समध्ये द्राक्षतोडणी सप्टेंबरात, आपल्याकडे संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत. सगळं कालचक्रच उलटं.

वसईपासून नाशिक काही लांब नाही. पण मध्ये सह्याद्री उभा आहे, आणि त्याच्या अलीकडे पलीकडे दोन वेगळे देश आहेत. द्राक्ष वरच राहिलं. खाली वसईने वाईनला आपली उत्तरं शोधली. एक स्वयंपाकघरात, एक वेदीवर आणि एक माजघरातल्या बरणीत.

स्वयंपाकघरातलं उत्तर आधी सांगतो. पोर्तुगालात आणि त्यांच्या मदैरा बेटावर मांस टिकवायची एक जुनी रीत आहे. वाईन किंवा वाईनचा शिरका आणि लसूण यांत मांस मुरवून ठेवायचं. ‘व्हिन्या द’आल्योश’, म्हणजे वाईन आणि लसूण. ही रीत जहाजातून इकडे आली. इथे वाईन महाग, दुर्मीळ. पण वसईच्या किनाऱ्यावर माड उभे होते आणि माडावर चढणारे भंडारी होते. सकाळी उतरवलेली गोड माडी दुपारपर्यंत आंबते, आणि काही आठवडे बरणीत राहिली की तिचा झणझणीत शिरका होतो. द्राक्षाची जागा माडाने घेतली. त्यात मिरची पडली, तीही पोर्तुगीजच घेऊन आलेले. जिरं, हळद, मिरी आपली होतीच. गोव्यात या पदार्थाचा ‘विंदालू’ झाला, उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांत त्याच कुळातला ‘इंदाल’ झाला. पुढे इंग्रजांनी विंदालू विलायतेला नेला आणि तिथल्या खानावळवाल्यांनी शेवटचं ‘आलू’ ऐकून त्यात बटाटे घातले! ते मूळचं ‘आल्यो’, म्हणजे लसूण.

फुग्यांची गोष्टही तशीच. लग्नाच्या रोसच्या विधीपासून नाताळापर्यंत या घरांत फुग्या तळल्या जातात. मैद्याच्या गोल, आतून पोकळ. आज त्यांच्या पिठात यीस्ट घालतात, पूर्वी ताडी-माडीनेच पीठ फुगवत. पोर्तुगीज माणसाची भाकरी आणि वाईन या दोन्हींची कामं इथे एकाच झाडाने केली. मी तर म्हणेन, वसईचा खरा द्राक्षमळा म्हणजे तिचे माड.

दुसरं उत्तर वेदीवरचं. इथे मात्र माड चालत नाही. कॅथलिक चर्चचा नियम स्पष्ट आहे. मिस्साबलिदानाची वाईन नैसर्गिक हवी, द्राक्षाचीच हवी आणि ती बिघडलेली नसावी. जांभळाची, अननसाची, काजूची कितीही चांगली असली तरी ती वेदीवर जात नाही. ताजी द्राक्षं जिथे पिकत नाहीत तिथे काय करायचं? मनुका. सुकलेल्या द्राक्षापासून केलेली वाईन रंगाने आणि चवीने वाईन म्हणून ओळखू येत असेल तर ती चर्चने ग्राह्य मानली आहे. बऱ्याच ठिकाणी वेदीवर पांढरी वाईन पसंत करतात, त्याचं कारणही व्यवहारी आहे. लाल वाईनचे डाग चषक पुसायच्या शुभ्र कापडावरून जात नाहीत. १७३९ नंतर पोर्तुगीज जहाजं वसईच्या बंदरात यायची थांबली. मिस्सा थांबली नाही.

द्राक्ष आणि चर्च यांचं हे नातं इतरत्रही दिसतं. तामिळनाडूत कंबम खोऱ्यात ‘पन्नीर’ नावाचं काळं द्राक्ष होतं. हे पन्नीर म्हणजे आपलं दुधाचं पनीर नव्हे. तामिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. वासावरून पडलेलं नाव. ते मस्कॅटच्याच कुळातलं, हॅम्बर्ग मस्कॅट. १८३२ साली एका फ्रेंच धर्मगुरूने ते त्या भागात आणलं असं सांगितलं जातं. २०२३ साली या द्राक्षाला भौगोलिक मानांकन मिळालं. युरोपीय माणसाने कस्तुरी म्हटलं, तामिळ माणसाने गुलाबपाणी. नाक एकच, शब्द आपापले.

तिसरं उत्तर माजघरातलं. आमच्या शेजारच्या आजी डिसेंबरच्या आधी महिनाभर कामाला लागत. चिनीमातीची मोठी बरणी उन्हात तापवून घ्यायची. मनुका, नाहीतर वाडीतला अननस, कमरख. जांभळाचा मोसम असला तर जांभूळ. साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, चिमूटभर यीस्ट. तोंडाला फडकं बांधायचं. रोज एकदा लाकडी पळीने, एकाच दिशेने ढवळायचं. एकवीस दिवसांनी गाळायचं आणि बाटल्यांत भरून ठेवायचं. “घाई केलीस तर पाणी होईल आणि विसरलीस तर शिरका होईल,” असं त्या सुनेला सांगत. नाताळात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे ताटातून करंज्या, केक जाई आणि मोठ्यांसाठी अंगठ्याएवढ्या ग्लासात ही वाईन. लहानांना आल्याचं गोड, तिखट पेय. घराघरांतलं प्रमाण वेगळं. कुणी ते कागदावर लिहिलं नाही.

इथे एक खुलासा केला पाहिजे. वसईतला ख्रिस्ती समाज एकसुरी नाही. कुपारी म्हणजे सामवेदी ख्रिस्ती आहेत, त्यांची कादोडी बोली आहे. वाडवळ ख्रिस्ती आहेत, कोळी ख्रिस्ती आहेत. मुंबई, साष्टी, ठाण्याकडच्या मूळच्या मराठी ख्रिस्तींनी १८८७ मध्ये ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली, तेव्हापासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव रूढ झालं. सगळ्यांचे मसाले, सगळ्यांचे पदार्थ सारखे नाहीत. पण माडाचा शिरका आणि घरची बरणी या दोन गोष्टी बहुतेकांच्या आठवणीत आहेत.

या दोन्ही गोष्टींवर कायद्याची नजर होती. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीच्या झाडांवरचा कर इतका जड झाला, की किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांमध्ये मोठा असंतोष उसळला. सरकारला मोठ्या भट्ट्यांची दारू विकली जायला हवी होती, माडाची माडी नको होती. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यात धर्मविधीसाठी लागणाऱ्या वाईनची सोय ठेवली गेली. पण माजघरातल्या बरणीला वेगळी सूट नव्हती. परवान्याशिवाय मद्य करणं हा गुन्हा, मग ते जांभळाचं का असेना. पुढे बंदी सैल झाली, कायदा मात्र नाव बदलून आजही आहे. माडीचा धंदा परवान्याच्या चौकटीत आक्रसला. माडावर चढणाऱ्याची मुलं शहरात नोकरीला लागली. शिरका दुकानातून येऊ लागला, काचेसारखा पारदर्शक आणि नुसताच आंबट.

आणि ज्या काळात खाली माडी आटत होती, त्याच काळात वर घाटावर वाईन वाहू लागली. १९८०च्या दशकात नारायणगावला इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्राने फसफसणारी पांढरी वाईन काढली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही गेली. ही कंपनी पुढे बुडाली, पण वाट पडली होती. १९९७ साली नाशिकजवळ सुलाच्या मळ्यात सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षांची लागवड झाली आणि २०००मध्ये त्यांची पहिली वाईन बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकनही मिळालं. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि महाराष्ट्रात ‘वाईन म्हणजे दारू की नाही’ यावर रण माजलं. त्या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं गेलं. त्यात माड आणि माडीवाला कुणाला आठवला नाही.

नाशिकच्या या पांढऱ्या वाईन आता वसईच्या लग्नांत दिसू लागल्या आहेत. म्हणजे इतक्या वर्षांनी द्राक्ष घाट उतरून आपल्या ताटाशेजारी बसलं आहे. ते बसतं कसं, हे पाहण्यासारखं आहे. चवीच्या जुळवाजुळवीचे नियम परदेशी पुस्तकांतून घेण्याऐवजी आपल्या पानावरून ठरवावेत.

पहिली गोष्ट, तिखट आणि कडक लाल वाईन यांचं जमत नाही. लाल वाईनमध्ये सालीचा तुरटपणा असतो, हिरड्यासारखा. मिरचीवर तो अधिकच बोचतो. मद्यार्क जास्त असेल तर मिरचीची आग वाढते. उलट किंचित गोडवा असलेली, थंड केलेली पांढरी वाईन तीच आग शांत करते. आपण तिखट पोह्यांवर खोबरं-साखर घालतो, त्यातला हाच न्याय.

दुसरी गोष्ट आंबटाची. पदार्थ आंबट असेल तर वाईन त्याच्याइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. म्हणून इंदाल किंवा सोरपोतेल, ज्यात शिरका आहे, त्यांच्याबरोबर गेवुर्झट्रामिनर चालणार नाही. तिच्यात आंबटपणा मुळातच कमी. तिथे रीसलिंग किंवा किंचित गोड शेनँ ब्लाँ हवी. नाशिकला या दोन्ही होतात. तळलेल्या ओल्या बोंबलांना कुरकुरीत, कोरडी सोव्हिन्यों ब्लाँ बरी. लिंबू पिळल्यासारखं काम ती करते.

तिसरी गोष्ट वासाची. इथे मस्कॅट आणि गेवुर्झट्रामिनर यांची पाळी येते. नारळाच्या दुधातली कोलंबी, धणे जास्त असलेला बाटली मसाला घातलेला सौम्य रस्सा, आलं आणि गवती चहाच्या अंगाचे पदार्थ. यांत आंबटपणा कमी, वास जास्त. वाईनमधला आणि रश्शातला लिनालूल एकमेकांना ओळखतात. शाकाहारी पानावर हेच काम अळूवडी करते. तिच्यात गूळ आहे, चिंच आहे, मसाला आहे; शेनँ ब्लाँ तिथे चांगली जुळते. वाईन फ्रिजमध्ये आठ-दहा अंशांपर्यंत गार करावी, बर्फ घालू नये. आणि हे सगळं ज्यांना प्यायचं आहे त्यांच्यासाठी. न पिणाऱ्याचं ताट काही अपुरं नाही. वाईन हे औषध आहे असंही कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

शेवटची जोडी मात्र मला सर्वांत वसईची वाटते. सुकेळी. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून, उन्हात वाळवून, पानात बांधून ठेवलेली. आगाशीची सुकी केळी एकोणिसाव्या शतकातच नावाजलेली होती. मधाच्या रंगाची, चिवट, गोड, जरा धुरकट वासाची. गोड मोस्कातेल आणि सुकेळी एकाच जातीचे पदार्थ आहेत. दोन्हींत फळाची साखर उन्हाने आणि काळाने गडद झालेली आहे. सेतुबालच्या माणसाने पिंप समुद्रावर तापवलं, आगाशीच्या बाईने केळं मांडवावर.

पण सुकेळी आज किती घरं करतात? राजेळीच्या बागा किती उरल्या? १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांसाठी खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’चा लढा उभा राहिला. काही वाडी वाचली, बरीच गेली. २००९ साली महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. माणसांना घरं लागतात, हे मी नाकारत नाही. पण एक माड तुटला की नुसतं झाड जात नाही. शिरका जातो, फुगीतला आंबूस वास जातो, इंदालची खोली जाते. नाशिकहून कितीही सुगंधी वाईन आली तरी तिला जोडीला बसवायचं काय, हा प्रश्न उरतो. दुकानातल्या पारदर्शक शिरक्यात केलेल्या इंदालबरोबर जगातली कोणतीही बाटली उघडा, अर्धी चव आधीच गेलेली असते.

वाट अगदीच बंद आहे असंही नाही. याच पालघर जिल्ह्यात, उत्तरेला बोर्डीला, चिकूपासून वाईन करणारी वायनरी उभी राहिली आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जे फळ आपल्या मातीत येतं त्याचीच वाईन करायची, ही आजीच्या बरणीचीच रीत, फक्त परवाना घेऊन. जांभळाचं, माडीच्या शिरक्याचं असं काही वसईत होऊ शकेल का, याचा विचार आपल्या शेतकऱ्यांनी, सहकारी संस्थांनी आणि अबकारी खात्याने एकत्र बसून करायला हवा. माडाला भाव मिळाला तरच माड उभा राहील.

आणि घरात करण्यासारखं एक काम आहे. तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या पुढची आजी असेल तर तिच्याजवळ वही घेऊन बसा. बरणीत गहू किती मुठी घालायचे, शिरका कोणत्या झाडाचा, माडी कोण आणून देई, फडकं किती दिवस बांधायचं, हे विचारून लिहून ठेवा. पोर्तुगीज दोनशे वर्षं इथे राहिले आणि त्यांच्या वाईनचा आपल्याकडे एक शब्द उरला. या आजींनी त्या वाईनला जी उत्तरं शोधली, त्यांतलं तेवढंही उरणार नसेल तर ते आपल्याच हातून गेलेलं असेल.